चौथऱ्यावर कुणाचं नाव? नागपूरची सार्वजनिक कला आणि ती घडवणारे हात



मागच्या व्याख्यानात आपण सौंदर्य वस्तूत असतं की पाहणाऱ्याच्या मनात, या जुन्या भांडणापाशी थांबलो होतो. त्यानंतर एका श्रोत्याने साधा प्रश्न विचारला. "सर, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या चौकातला पुतळा कुणी केला हे कसं कळणार?" आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. अवघड प्रश्नांना लांबलचक उत्तरं देण्याची आम्हाला सवय आहे. पण या सोप्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तेव्हा वाटेतल्या तीन पुतळ्यांच्या पाट्या थांबून वाचल्या. अनावरण कुणाच्या हस्ते झालं, अध्यक्ष कोण होते, प्रमुख पाहुणे कोण होते, हे सगळं त्यावर होतं. शिल्पकाराचं नाव एकाही पाटीवर नव्हतं.

तीन पाट्यांवरून सिद्धांत मांडू नये, हे आम्हीच विद्यार्थ्यांना सांगत आलो. म्हणून तुम्हीही आपापल्या चौकात जाऊन वाचा आणि मग आमचं म्हणणं तपासा. आजचा विषय एवढाच आहे. सार्वजनिक जागेतली कला कोण घडवतो, त्याचं पोट कशावर चालतं, आणि त्याचं नाव का विसरलं जातं? आणि विसरल्याने बिघडतं काय?

सुरुवात आमच्या घरच्या माणसापासून करू, म्हणजे ॲरिस्टॉटलपासून. एखादी वस्तू आहे, ती कशामुळे आहे, असं विचारलं तर चार प्रकारची उत्तरं देता येतात, असं तो म्हणतो. ती कशाची आहे, तिचं रूप काय, ती कुणी घडवली आणि ती कशासाठी आहे. हे समजावताना तो जे उदाहरण घेतो ते पुतळ्याचं आहे. ब्राँझ हे द्रव्य आणि शिल्पकार हा घडवणारा. वर्गात आम्ही हे दरवर्षी शिकवत होतो. पण त्यातला एक बारकावा फार उशिरा आमच्या लक्षात आला. पुतळ्याचं कारण 'शिल्पकार' आहे असं म्हणावं की 'पॉलिक्लिटस' आहे असं म्हणावं, असा प्रश्न तो उपस्थित करतो. आणि सांगतो, खरं कारण शिल्पकार. तो शिल्पकार पॉलिक्लिटस नावाचा माणूस आहे ही आनुषंगिक गोष्ट.

तर्काच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पुतळा घडतो तो विद्येमुळे, नावामुळे नाही. पण गंमत बघा, ॲरिस्टॉटलला उदाहरण देताना पॉलिक्लिटस हे नाव घ्यावंसं वाटलं, कारण त्याच्या श्रोत्यांना ते माहीत होतं. आपल्या चौकातल्या पुतळ्याचं उदाहरण द्यायचं झालं तर आपण कुणाचं नाव घेणार?

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे कलावंताने नाव न लावणं ही परंपराच आहे, त्यात त्याची नम्रता आहे. हे वाक्य आम्ही इतक्या सभांमधून ऐकलं की ते तपासून पाहावंसं वाटलं. आपल्या विदर्भाचंच उदाहरण घेऊ. अजिंठ्याची सोळावी लेणी वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या काळातली, म्हणजे आपल्या वाशीमच्या घराण्यातली. राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने ती लेणी खोदवून दान दिली आणि तसा लेख तिथे आहे. लेखात राजांची वंशावळ आहे, दात्याचं नाव आहे. भिंतीवर ज्यांनी रंग भरले त्यांची नावं नाहीत. त्यांनी नम्रतेने नाव दिलं नाही, की त्यांना कुणी विचारलंच नाही? लेख लिहवून घेणारा तो दाता होता, चितारी नव्हता. मौनाला नम्रता म्हणण्याआधी ज्याचं मौन आहे त्याला बोलायची संधी होती का, हे बघायला हवं.

दुसरं असं की आपल्याच शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत कारागिरांचा दर्जा नीट सांगितलेला आहे. मयमत, मानसार या ग्रंथांत चार जण येतात. स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. कुणी आराखडा करायचा, कुणी दोरी धरून माप घ्यायचं, कुणी जोडायचं, कुणी तासायचं, अशी कामाची वाटणी आहे. ही व्यवसायाची भाषा आहे. म्हणजे व्यवसाय होता, त्याची शिस्त होती, शिक्षण होतं. इतर प्रांतांत तर शिल्पकारांच्या सह्याही सापडतात. होयसळांच्या मंदिरांवर मल्लितम्म या शिल्पकाराचं नाव अनेक ठिकाणी कोरलेलं आहे. तेव्हा परंपरेच्या नावावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही.

आता नागपुरात येऊ.

महालात बडकस चौकाजवळ चितार ओळ आहे. नागपूरकरांना ती सांगायला नको, पण ऑनलाइन ऐकणारे पुण्या-मुंबईकडचे, परदेशातलेही आहेत, म्हणून सांगतो. मूर्तिकारांची ही जुनी वस्ती. भोसल्यांच्या काळात चितारी मंडळी इथे वसली असं परंपरेनं सांगतात, आणि ओळीचं नावच त्याला साक्ष आहे. १८५३ साली तिसरे रघुजी वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. दरबार गेला. दरबारावर जगणाऱ्या कितीतरी कला अशा वेळी संपतात. चितार ओळ संपली नाही. का? आमचा तर्क असा की तिचं गिऱ्हाईक एकटा राजा कधीच नव्हता, सगळं गाव तिचं गिऱ्हाईक होतं.

या ओळीचं वर्ष कसं चालतं ते बघा. पोळ्याच्या आसपास कामाची धांदल. मग गणपती, महालक्ष्म्यांचे मुखवटे, मुलींच्या भुलाबाई, नवरात्रातल्या दुर्गा आणि शारदा, दिवाळीच्या लक्ष्मी. उन्हाळ्यात माती आणायची, मळायची, गवताचे आणि बांबूचे सांगाडे बांधायचे. बयाणा घ्यायचा तो आधी, बाकी रक्कम मूर्ती उचलताना. मंडळाचे कार्यकर्ते रात्री अकराला ट्रॅक्टर घेऊन येतात आणि घासाघीस करतात. पावसाने ओढ दिली तर बरं, झड लागली तर मूर्ती वाळत नाही आणि कोळशाच्या शेगड्या लावाव्या लागतात. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तींसाठी सुधारित सूचना काढल्या आणि पीओपीचा प्रश्न ऐरणीवर आला. तेव्हापासून कुठलं द्रव्य वापरावं हा प्रश्न ओळीतल्या माणसाला जेवणाच्या ताटाचा प्रश्न झाला. पर्यावरणाची बाजू खरीच आहे. पण ॲरिस्टॉटलचं 'द्रव्य' हे कारागिराच्या घरी उधारीच्या वहीत असतं, हे आम्हाला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मग मारबत. भारतात दुसरीकडे अशी गोष्ट आमच्या पाहण्यात नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबूचा सांगाडा, कागद, कापड, रंग. काळीची गोष्ट बाकाबाई भोसल्यांशी जोडून सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीतून तेली समाजाची निघते. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. सोबत बडगे असतात. महागाई, भ्रष्टाचार, शेजारचं शत्रुराष्ट्र, त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा राग आला त्या सगळ्याचा बडग्या होतो. रोगराई, इडापीडा घेऊन जा असं ओरडत लोक त्यांना गावातून फिरवतात आणि शेवटी जाळून टाकतात.

आम्ही लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून मारबत पाहिली आणि भ्यालो. मोठे झाल्यावर, डॉक्टरेट वगैरे झाल्यावर, हा काय अडाणीपणा असं म्हणून दहा-बारा वर्षं तिकडे फिरकलो नाही. आज पंचाहत्तरी ओलांडल्यावर आमचं मत असं झालंय की सार्वजनिक कला हा शब्द ज्या अर्थाने आज परिषदांमधून वापरला जातो तो सगळा अर्थ मारबतीत आहे. जागा सार्वजनिक, पैसा वर्गणीचा, विषय लोकांचा, भाष्य आजचं. मारबतीला परवानगी लागते ती मिरवणुकीच्या वाटेची; रूप कसं असावं हे ठरवायला समिती बसत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. मारबतीवर करणाऱ्याचं नाव नसतं. पण ती कोण करतं हे त्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक असतं. आजोबांनी केली, मग मुलाने, आता नातू करतो. नाव लिहायची गरज पडत नाही, कारण मारबत जळते आणि पुढच्या वर्षी त्याच घराचं दार पुन्हा वाजवावं लागतं. जी कला दरवर्षी जाळली जाते तिचा कारागीर गावाने जपला, आणि जी कायम टिकावी म्हणून धातूत ओतली तिच्या कारागिराला गाव विसरलं. कारण उघड आहे. धातूचा पुतळा करणाऱ्याकडे पुन्हा जायचं कारणच पडत नाही, किंवा पडत नाही असं आपल्याला वाटतं.

चौकात थोर माणसाचा पुतळा उभारणं ही मुळात आपली पद्धत नव्हे, ती इंग्रजांबरोबर आली. राणी, राजे, गव्हर्नर यांचे पुतळे विलायतेतून घडवून यायचे. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि त्यातून हळूहळू इथली माणसं तयार झाली. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास, विद्यार्थिदशेत, 'मंदिरपथगामिनी' केली आणि इथला माणूस हे करू शकतो हे सिद्ध झालं. पुढे तेही विलायती शिल्पकारांच्या जोडीने पुतळ्यांची कामं मिळवू लागले. विनायकराव करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९२८ चा. या स्मारकाची कल्पना शाहू महाराजांची, पायाभरणी १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते. शाहू महाराज १९२२ ला गेले. त्यांच्यामागे काम पुढे नेणारे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदेही १९२५ ला गेले. आश्रयदाते जात राहिले आणि शिल्पकार मातीच्या घोड्यासमोर उभा राहिला. या व्यवसायातलं हे दुखणं तेव्हापासूनचं आहे. काम सुरू करताना जो माणूस शब्द देतो, तो काम संपताना खुर्चीवर असेलच असं नाही.

आपल्या नागपुरातही स्कूल ऑफ आर्ट होतं. मंडला जिल्ह्यातून आलेला एक मुलगा १९३९ ते १९४३ तिथे शिकला आणि पुढे जे. जे.ला गेला. त्याचं नाव सय्यद हैदर रझा. पुढे ते पॅरिसला गेले आणि जगात नाव झालं. नागपूरला याचा अभिमान वाटतो, वाटावाच. पण त्यांच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाकीच्या मुलांचं काय झालं? त्या पिढीतल्या चित्रकाराचे व्यवसाय आम्ही डोळ्यांनी पाहिलेत. कुणी शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला आणि पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवत राहिला. कुणी बर्डीवर पाट्या रंगवल्या. कुणी टॉकीजची पोस्टरं केली, कुणी फोटो स्टुडिओत बसून काळ्या-पांढऱ्या फोटोंना गालावर लाली लावली. शहराचा चेहरा या मंडळींनी रंगवला. फ्लेक्सचं मशीन आलं आणि पाट्या रंगवणारे काही वर्षांत दिसेनासे झाले. २०२३ च्या मार्चमध्ये सी-२० परिषदेसाठी नागपूरच्या भिंती पुन्हा रंगल्या, तरुण मुलं शिड्यांवर चढून रंगवत होती. आम्हाला बरं वाटलं. मात्र पाहुणे गेल्यावर त्या मुलांना पुढचं काम कोण देणार, हा प्रश्नही मनात आला.

आता पुतळ्यांच्या इतिहासातल्या त्या पानाकडे येऊ, जे नागपूरकराला सगळ्यात जवळचं आहे. ९ डिसेंबर १९५० रोजी कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेबांच्या हयातीत. पुढाकार भाई माधवराव बागलांचा, जे स्वतः चित्रकार होते. शिल्पकार बाळ चव्हाण. पुढे १९६७ मध्ये संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा बसला, तो शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवला. एका हातात संविधान, दुसऱ्या हाताचं बोट पुढे. ही मुद्रा डोळ्यांपुढे आणा. खेड्यापाड्यांत, वस्त्यांच्या तोंडाशी, सिमेंटचे, फायबरचे, निळ्या कोटातले जे असंख्य पुतळे आज दिसतात ते या मुद्रेच्या गोतातले आहेत. माणसांनी रोजंदारीतून वर्गणी काढून ते उभे केले. ज्यांना गावाच्या मधोमध उभं राहायची बंदी होती त्यांनी आपला माणूस गावाच्या मधोमध उभा केला. सार्वजनिक कलेने याहून मोठं काम या देशात क्वचितच केलं असेल. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या वाटेवर तीच मुद्रा हातभर उंचीत विकायला असते, आणि घेणारा ती पोटाशी धरून गावाला नेतो.

पण वाघांचं नाव किती जणांना माहीत आहे? किंवा दीक्षाभूमीच्या स्तूपाचंच घ्या. १२० फूट उंच घुमट, १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण. त्याचे वास्तुविशारद शेओ दान मल, हे नाव नागपूरच्या शाळेतल्या किती मुलांना सांगितलं जातं? आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना कधी सांगितलं नव्हतं, हे आधी कबूल करतो.

कबुलीचा विषय निघालाच आहे तर एक मोठी कबुली द्यायची राहिली आहे. खरं तर या व्याख्यानाचं कारणच ती आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका शिक्षणसंस्थेने आपल्या संस्थापकांचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं. समिती नेमली. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आम्हाला घेतलं, बहुधा मजकूर चांगला लिहितात म्हणून. शिल्पकार नागपूरचेच, निवृत्त कलाशिक्षक. मातीचा नमुना बघायला समिती तीनदा गेली. पहिल्यांदा एक सदस्य म्हणाले, चेहरा जरा हसरा करा. दुसऱ्यांदा दुसरे म्हणाले, साहेब एवढे हसत नव्हते. तिसऱ्यांदा चष्म्याच्या काडीवर अर्धा तास चर्चा झाली. शिल्पकार प्रत्येक वेळी माती ओली करून, कापड गुंडाळून ठेवत आणि पुन्हा उघडत. करारपत्र नव्हतं, नुसता कार्यादेश होता. पैसे तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता अनावरणानंतर चौदा महिन्यांनी मिळाला, आणि तोही त्यांनी सात-आठ चकरा मारल्यावर.

पाटीचा मजकूर आम्ही लिहिला. अकरा मान्यवरांची नावं होती. सगळ्यात खाली एक ओळ होती, शिल्पकार अमुक. पाथरवटाचा दर अक्षरामागे होता आणि संगमरवराचा तुकडा आधीच कापून आणलेला. त्याने निरोप पाठवला, एक ओळ जास्त होते, कमी करा. संस्थेतून फोन आला, सर, तुम्हीच काय ते ठरवा. आम्ही कागदावर बघितलं. अकरा नावांपैकी एकही काढण्याची आमची हिंमत झाली नाही. शेवटची ओळ काढली. दोन मिनिटांचं काम. कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीच काढली.

अनावरणाच्या दिवशी शिल्पकार पत्नीला घेऊन आले होते. भाषणं आटोपल्यावर, गर्दी चहाकडे वळल्यावर ते पाटीपाशी गेले. वरपासून वाचत खाली आले. शेवटच्या ओळीखाली थोडा वेळ बघत राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "सर, मजकूर बाकी छान लिहिला." टोमणा नव्हता त्यात. तो असता तर बरं झालं असतं.

पुढची गोष्ट ऐका, कारण हा नुसता आमच्या मनाच्या टोचणीचा प्रश्न नाही. दहा-बारा वर्षांनी आम्ही तिथे गेलो. ब्राँझवर सोनेरी ऑइलपेंट चढला होता. दर जयंतीला शिपाई उरलेल्या डब्यातला एक हात मारायचा. नाकाचे, डोळ्यांचे कंगोरे बुजून गेले होते. चष्म्याची काडी, जिच्यावर अर्धा तास चर्चा झाली होती, ती तुटून तिथे तार बांधलेली. मानेपाशी जोड उकलला होता. कार्यालयात विचारलं, दुरुस्ती करणाऱ्याला का बोलावत नाही? ते म्हणाले, केला कुणी तेच कुणाला माहीत नाही, फाइल सापडत नाही. पाटीवर अकरा नावं होती. जो माणूस येऊन तो जोड नीट करू शकला असता, नेमकं त्याचं नाव नव्हतं.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पाटीवरचं नाव म्हणजे कलावंताचा मान, असं आम्ही समजत होतो. ते तेवढंच नाही. तो एक पत्ता आहे. या वस्तूचं उत्तरदायित्व कुणाकडे आहे, ती कशी घडवली हे कुणाला माहीत आहे, तिला हात लावण्याआधी कुणाला विचारावं, याचा तो पत्ता आहे.

कायदा याबाबत आपल्यापुढे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम म्हणतं, कलावंताने हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. आणि कृतीची मोडतोड झाली, तिने त्याच्या लौकिकाला बाधा आली, तर तो दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांनी घडवलेलं भलंमोठं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं. १९७९ साली ते त्यांना न विचारता काढून गोदामात टाकलं. काही तुकडे हरवले. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला. उरलेलं शिल्प त्यांना परत द्या आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. सरकारने पैसे मोजून घेतलेलं शिल्पसुद्धा सरकारला वाटेल तसं वागवता येत नाही, हे त्यातून ठरलं. कायद्यालाही मर्यादा आहेतच. दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये पाडलं, तेव्हा वास्तुविशारद राज रेवाल यांची मागणी न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केली नाही. इमारतीच्या मालकाचा ती पाडण्याचा हक्क वरचढ ठरला. पण वाद घालायला दोघांचीही नावं कागदावर होती. आमच्या शिल्पकारांनी कशाच्या आधारावर वाद घातला असता?

नावाची दुसरीही एक बाजू आहे. ती सांगितली नाही तर हे व्याख्यान म्हणजे कलावंतांची वकिली होईल. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवछत्रपतींच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. आपल्याकडे परवानगी मागितली तेव्हा सहा फुटी मातीचा नमुना होता, असं कला संचालनालयाकडून सांगण्यात आलं. २०२५ मध्ये त्याच जागी नवा पुतळा उभा राहिला, तो राम सुतार यांच्याकडून. त्या ऑगस्टमध्ये एक गोष्ट आम्हाला खटकली. पुतळा उभा होता तोवर शिल्पकाराचं नाव महाराष्ट्रातल्या किती जणांनी विचारलं होतं? पडल्यावर दुसऱ्या दिवशी ते घराघरात पोहोचलं. चूक झाली असेल तर जबाबदारी ठरलीच पाहिजे. पण मोठा पुतळा ही एकट्याची कृती नसते. आतला लोखंडी सांगाडा, ओतकाम, जोड, खारा वारा, पाया, ठरवलेली तारीख, या प्रत्येकामागे कुणीतरी माणूस असतो. स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी, तक्षक. जुन्या ग्रंथांनी चार जणांची वाटणी उगाच सांगितली नव्हती.

राम सुतारांचं नाव आलं म्हणून एक सांगतो. १९२५ साली धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला जन्मलेला हा माणूस तरुणपणी, १९५४ ते १९५८, पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या मूर्ती सांधत होता. म्हणजे ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत त्या कारागिरांचं काम तो बोटांनी वाचत होता. नंतर नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्र व्यवसाय केला आणि पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. पण सुरुवात दुसऱ्याचं काम नीट करण्यापासून झाली.

तर मित्रहो, करायचं काय? आमच्या वयाच्या माणसाने आंदोलन करा असं सांगू नये. तीन साध्या गोष्टी सांगतो. तुमच्या सोसायटीत, शाळेत, गावात पुतळा किंवा भित्तिचित्र व्हायचं असेल तर लेखी करार करा. त्यात हप्ते, तारखा, आणि बदल किती वेळा सुचवता येतील हे असू द्या. दुसरं, देखभाल कोण करणार, कशी करणार, हे कलावंताकडून लिहून घ्या आणि त्यासाठी वेगळे पैसे ठेवा. तिसरं, पाटीवर शिल्पकाराचं नाव, ओतशाळेचं नाव आणि साल लिहा. जागा कमी पडली तर प्रमुख पाहुण्यांपैकी एक नाव कमी करा. ते रागावणार नाहीत. त्यांची नावं दुसऱ्या पुष्कळ पाट्यांवर असतात.

त्या शिल्पकारांचं नाव आम्ही आज सांगितलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. नावाबद्दल तासभर बोलून नाव का घेतलं नाही, असं तुम्ही विचाराल. ते आता नाहीत. त्यांचं नाव इथे घेऊन टाळ्या मिळवल्या तर आमचं ओझं फार स्वस्तात उतरेल. ते नाव जिथे लिहायचं होतं ती जागा चौथऱ्यावर आहे. संस्थेला आम्ही पत्र दिलंय. पाटीखाली चार इंच पट्टी बसवण्याचा खर्च आम्ही देतो, असं त्यात लिहिलंय. अक्षरं मोजून दिली आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या महिन्यात स्वतः जाऊन बसणार आहोत, त्यांच्यासारख्याच सात-आठ चकरा माराव्या लागल्या तरी.

प्रश्नोत्तरांकडे वळण्याआधी गृहपाठ. पुढच्या व्याख्यानाला येताना प्रत्येकाने आपल्या जवळच्या एका पुतळ्याच्या, मूर्तीच्या किंवा रंगवलेल्या भिंतीच्या कलावंताचं नाव शोधून आणायचं आहे. सापडलं नाही तर कुठे कुठे विचारलं ते लिहून आणा. तेही चालेल.